कोंबड्यांच्या उघड्या पाठी

कोंबडीची कातडी उन्हाने भाजते का, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहे. प्रश्न किरकोळ वाटेल, याची मला कल्पना आहे. गुरांच्या दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाकडून अडलेल्या म्हशीची किंवा बिथरलेल्या बैलाची हकीकत ऐकण्याची वाचकांना सवय असते. म्हशी आणि बैल यांच्याविषयी माझ्या सहकाऱ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. परसातल्या कोंबडीविषयी कोणी लिहीत नाही, आणि औरंगाबाद जिल्ह्याच्या उन्हात सगळ्यांत जास्त वेळ उघड्यावर असते ती तीच.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नव्हतो. माझे पद पशुधन पर्यवेक्षकाचे होते. लस टोचणे, जखमा धुणे, वस्त्यांवर फिरून साथीची खबर ठेवणे आणि मोठा आजार दिसला तर डॉक्टरांना बोलावणे, एवढे माझे काम. तरीही फुलंब्रीपासून खुलताबादच्या डोंगरापर्यंत सगळे मला डॉक्टरच म्हणत. पहिली काही वर्षे मी प्रत्येकाची चूक दुरुस्त करीत असे. पुढे लक्षात आले, की पद समजावून सांगेपर्यंत कोंबडी हातातून निसटते.

कोंबडी तपासण्याची रीत सोपी आहे. तिला पाय धरून उलटी लटकवू नये. दोन्ही पंख अंगाशी दाबून ती काखेत घ्यावी, सावलीत बसावे आणि पिसांच्या उलट दिशेने हळूच फुंकर मारावी. पिसे दुभंगतात आणि खालची कातडी दिसते. निरोगी कातडी पातळ, फिकट आणि कोरडी असते. उवा असतील तर त्या उजेडाला भिऊन पळतात, आणि पिसांच्या बुडाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके दिसतात. तांबडे किडे असतील तर ते दिवसा अंगावर सापडत नाहीत. खुराड्याच्या लाकडाच्या फटीत लपतात आणि अंधार पडल्यावर येऊन रक्त पितात, म्हणून तिथे कोंबडीऐवजी खुराडे तपासावे लागते. देवीचा आजार असेल तर तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या धरतात. एवढे ज्याला कळले, त्याला निम्मे काम आले.

उरलेले निम्मे काम माणसे तपासण्याचे असते. शहरातल्या एका नव्या वसाहतीतून एक निवृत्त गृहस्थ रिक्षाने दवाखान्यात आले होते. त्यांच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कोंबडी, आणि छत्री कोंबडीवर धरलेली. कोंबडीच्या मानेवर एकही पीस नव्हते. मान लालभडक, आणि तिच्यावर कसला तरी पांढरा लेप.

"ऊन लागू नये म्हणून मिसेसची क्रीम लावतो," ते म्हणाले. "दोन डब्या संपल्या, पण एक पीस उगवलं नाही. मिसेस आता डबी लपवून ठेवतात."

मी विचारले, "लहानपणापासून मान अशीच होती का?"

"हो."

"तिची आई पाहिली होती?"

"आईचीही अशीच होती. म्हणजे घराण्यातलाच आजार म्हणायचा."

"आजार नाही, साहेब. ही बोडक्या मानेची जात आहे. हिच्या मानेवर पिसे येतच नाहीत."

गृहस्थांनी छत्री मिटली. मग म्हणाले, "हे घरी सांगू कसं?"

त्यांना मी सांगितले, की अशा कोंबडीची मान उन्हात राहून लाल आणि जाड होते. त्याने सहसा बिघडत नाही. क्रीम मात्र थांबवा, कारण तिच्यावर धूळ बसते आणि धुळीवर माश्या. सावली द्या, गार पाणी द्या. ते छत्री उघडूनच परत गेले.

या गृहस्थांमुळे प्रश्न माझ्या डोक्यात बसला. बोडकी मान जन्मापासून ऊन सोसते. पण जी कातडी पिसांखाली राहण्यासाठी घडलेली आहे, ती अचानक उघडी पडली तर तिचे काय होते? याचे उत्तर मला फुलंब्रीच्या पलीकडच्या एका वस्तीवर मिळाले.

वस्ती मेंढपाळांची होती. चार-पाच घरे, मध्ये एक वाट. उन्हाळ्यात पुरुषमंडळी मेंढरे घेऊन दूर जात आणि मृगाच्या सुमारास परतत. मागे बायका, म्हातारी माणसे आणि कोंबड्या राहत. मेंढरे पुरुषांची असतात, कोंबड्या बाईच्या. अंडे कोणाला द्यायचे, कोणती कोंबडी बसवायची, पाहुण्यासाठी कोणती कापायची, हे ठरवण्याचा अधिकार बाईकडे असतो. अशा घरांत बाईच्या हुकमतीची दुसरी वस्तू सहसा नसते. ही गोष्ट मला नोकरीच्या पुस्तकांतून नव्हे, तर कौशाबाईंकडून कळली.

कौशाबाई चैत्राच्या अखेरीस पायी चालत दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, माज्या कोंबड्यांला रोग हाय का नाय, येवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "भाऊजी म्हनत्यात, येत्या बाजारी समद्या इकून मोकळं व्हा, नायतर वस्तीवरची एक कोंबडी जगायची नाय."

भाऊजी म्हणजे त्यांचा चुलत दीर, आसाराम. पायाला इजा झाल्यामुळे तो त्या वर्षी मेंढरांबरोबर गेला नव्हता आणि वस्तीचा कारभार त्याच्याकडे आला होता.

मी सायकल काढून त्यांच्या मागोमाग वस्तीवर गेलो. अंगण लख्ख उन्हात. एकही झाड नाही. कोंबड्यांच्या पाठी दोन पंखांच्या मधोमध उघड्या पडलेल्या, कातडी तांबडीलाल, काही ठिकाणी पाण्याचे फोड, काही ठिकाणी पापुद्रे सुटलेले. त्यावर पिवळा चकचकीत थर.

"हे काय लावले आहे?"

"हळद अन् त्याल. आत्याबाईंनी सांगितलं." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई.

तेल लावून उन्हात सोडलेली कातडी अधिक तापते. मी लेप ओल्या फडक्याने पुसून काढला. तोवर आसाराम काठी टेकत आला.

"बघा डॉक्टर. आदी हिच्या कोंबड्यांची पाठ गेली, मग शेजारच्या घरच्या, आता माज्या दोन. सरकत चाललाय का नाय रोग? मानमोडीत आमची समदी वस्ती धुऊन गेली व्हती एकदा. मला काय वैनीचं वैर हाय व्हय?"

त्याचे बोलणे अडाणीपणाचे मुळीच नव्हते. साथ अशीच पसरते: या घरातून त्या घरात. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांची राणीखेत साथ, मी पाहिली होती. सकाळी हिंडणारा कळप संध्याकाळी आडवा पडलेला असतो. मी रोग नाही म्हणालो आणि तो निघाला, तर सगळ्या वस्तीचे नुकसान. आहे म्हणालो आणि तो नसला, तर कौशाबाईंचे अंगण मोकळे होणार. त्यांच्या घरात चितरी नावाची कोंबडी त्याच वेळी अंड्यांवर बसलेली होती, तीही जाणार.

मी एकेक कोंबडी काखेत घेऊन फुंकर मारली. उवा जवळजवळ नाहीत. खपल्या नाहीत. खुराड्याच्या फटीत काडी फिरवून पाहिली. ती कोरडी निघाली, रक्ताचा डाग नाही. पिसे मात्र बुडातून गळालेली नव्हती, मोडलेली होती. कातडीत त्यांचे खुंट शिल्लक होते. हा फरक महत्त्वाचा आहे. आजाराने किंवा हंगामाने पीस झडते तेव्हा ते मुळासकट जाते. खुंट राहिला असेल, तर ते कोणीतरी मोडलेले असते.

मग मी वस्तीवरची सगळी घरे पाहायचे ठरवले. शेजारच्या घरावर मोठा कडुनिंब होता. तिथल्या कोंबड्यांच्याही पाठी उघड्या होत्या, परंतु कातडी फिकट आणि शांत. लाली नाही, फोड नाहीत. आसारामाच्या अंगणात ऊन होते, तिथे दोघींची लाली नुकती सुरू झालेली. वाटेच्या टोकाला एकट्या म्हातारबुवांचे घर, तेही उन्हातच. त्यांच्या कोंबड्यांची पिसे मात्र जशीच्या तशी.

एकाच वस्तीवर, एकाच उन्हात हे असे का, याचा विचार करीत मी म्हातारबुवांच्या दाराशी उभा होतो. त्यांचा बांधलेला कुत्रा माझ्यावर भुंकत होता. तेवढ्यात वाटेने एक कोंबडा आला.

असा कोंबडा मी क्वचितच पाहिला आहे. तांबूस सोनेरी, तुरा तळहाताएवढा, आणि वजन इतके, की चालताना छाती पुढे आणि जमीन मागे सारल्यासारखी. पायांच्या मागचे काटे बोटभर वाढलेले. तो कुत्र्याला पाहून थांबला, वळला आणि आल्या वाटेने कौशाबाईंच्या अंगणाकडे निघाला. वाटेत कडुनिंबाखाली एका कोंबडीच्या पाठीवर चढला, उतरला, आसारामाच्या अंगणात डोकावला.

"हा कोणाचा?" मी विचारले.

"द्येवाचा," कौशाबाई म्हणाल्या.

त्यांच्या सासूबाई भागाबाई यांनी नवस बोलला होता, की लेक आणि मेंढरे सुखरूप परत आली की कोंबडा कंदुरीला द्यायचा. कंदुरी म्हणजे नवस फेडताना दर्ग्याला किंवा देवाला द्यायचे मटणाचे जेवण. आमच्या भागात हिंदू घरेही ती करतात. नवसाच्या कोंबड्याला मारायचे नाही, हाकलायचे नाही, डालग्याखाली कोंडायचे नाही. कोणाच्याही दारात गेला तर ओंजळभर ज्वारी टाकायची. शिवाय इतर सगळे कोंबडे वेळोवेळी कापले किंवा विकले गेले होते. वस्तीभर कोंबडा म्हणून हा एकच उरला होता, आणि त्याच्याविषयी वाईट विचार कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते.

कोंबडा चढताना नख्यांनी आणि काट्यांनी पाठीवरची पिसे मोडतो, हे नेहमीचेच आहे. अनेक कोंबड्यांत एक कोंबडा असेल, तर नुकसान दिसत नाही. हा मात्र अतोनात जड, काटे कधी न छाटलेला, आणि कुत्र्याचे घर टाळून ठरावीक घरांतच हिंडणारा. त्याने पाठ उघडी केली. जिथे सावली होती तिथे गोष्ट तेवढ्यावर थांबली, जिथे ऊन होते तिथे कातडी भाजली. आसारामाचे निरीक्षण अचूक होते. रोग खरोखरच घरोघर सरकत होता, फक्त तो दोन पायांवर चालत होता.

मी हे सर्वांना समजावून सांगितले. भागाबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. "द्येवाच्या कोंबड्यावर आळ घेतो व्हय रं?" त्या म्हणाल्या.

"आळ नाही, आजी. त्याचा दोष नाहीच. त्याला अडवणारे कोणी नाही, एवढेच."

"त्येच्या पायाला सुरी लावायची नाय."

"नाही लावत."

आसाराम म्हणाला, "डॉक्टर, तुमी सावलीला बसून सांगताय ते ठीक हाय. पर कोंबडा उन्हाळ्यात बी त्योच, पावसाळ्यात बी त्योच. आत्ताच का पाठी गेल्या?"

प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, की वाढ झाली आहे ती कोंबड्याची. वर्षभरापूर्वी तो एवढा नव्हता. त्याचे समाधान झाले नाही. मी एवढेच कबूल करून घेतले, की बाजारापर्यंत कोणी कोंबड्या हलवणार नाही आणि अंगणात तुराट्यांचा मांडव घालून सावली करायची.

बाजाराच्या दिवशी फुलंब्रीत मी मुद्दाम कोंबड्यांच्या ओळीकडे गेलो. भीती खरी ठरली. कौशाबाई पाटी घेऊन बसल्या होत्या, पाटीत उघड्या पाठीच्या कोंबड्या, शेजारी भागाबाई, मागे आसाराम. चितरी तेवढी अंड्यांवर असल्याने घरी ठेवली होती. कौशाबाई पदराने पाटीवर सावली करीत होत्या. एक व्यापारी पाठी पाहून पुढे निघून गेला होता. दुसरा परत येतो म्हणाला होता.

समोर करीममामू मशीन मांडून बसत. खुलताबादचे हे वृद्ध शिंपी बाजाराच्या दिवशी येऊन जुने कपडे दुरुस्त करून देत. बैलांच्या झुलीही शिवत. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "मामू, कोंबडीची झूल शिवता येईल का?"

मामूंनी चष्मा वर सरकवला. "साब, मैं चालीस बरस में आदमी, औरत, बैल, सबका नाप लिया. मुर्गी ने आज तक नाप नईं दिया."

मी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवली. पाठ झाकेल एवढा जाड सुती तुकडा, दोन्ही पंखांखालून जाणाऱ्या दोन पट्ट्या, मानेकडे जागा मोकळी; पंख हलले पाहिजेत आणि पट्टी रुतता कामा नये. मामूंनी एक कोंबडी मांडीवर घेतली, टेपने मापली, गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांतून झूल बेतली आणि बघता बघता शिवून तिला चढवली. तुकडा जांभळ्या फुलांचा होता.

कोंबडी जमिनीवर ठेवताच उलटी चालू लागली. पाठीवर काही ठेवले की कोंबड्या प्रथम असेच करतात. ओझ्याखालून मागे सरकून सुटू पाहतात. ती मागे मागे चालत भाजीच्या ओळीत शिरली. भोवती माणसे जमली. कोणी म्हणाले, "पोळा लवकर आला का काय औंदा?" कोणी म्हणाले, "शिंगं कुठं रंगवायची?" कौशाबाईंनी तोंडाला पदर लावला, खांदे हलत होते. त्या रडत आहेत, असे मला वाटले. त्या हसत होत्या.

तोवर दुसरा व्यापारी परत आला. झूल घातलेली कोंबडी पाहून त्याने विचारले, "ह्या इकायच्या का नाचवायच्या?"

"इकायच्या नाय," कौशाबाई म्हणाल्या. एवढे बोलून त्यांनी आसारामाकडे पाहिले. "भाऊजी, मला दोन बाजार द्या. समद्यांला झूल घालते. तरी रोग सरकला, तर मी सोताच्या हातानं कापते."

आसारामाने काठीने माती उकरली. "दोन बाजार," तो म्हणाला. "तिसरा नाय. अन् माज्या दोन कोंबड्यांला झूल नाय घालणार मी. बघू फरक पडतो का."

तो हे अविश्वासाने म्हणाला, पण तुलनेसाठी मला याहून चांगली सोय मागता आली नसती.

काट्यांचा प्रश्न उरला होता. भागाबाई सुरीच्या नावाने अजून घुश्शात होत्या. त्यांना मामू म्हणाले, "बाई, नवस का मुर्गा है, उसकू लोहा नको लगाव. टोपी पिन्हाव. मैं मखमल की सी के देता." आणि त्यांनी खरोखरच मखमलीच्या दोन लहान टोप्या शिवल्या, आत कापूस घालून, नाडीने बांधायच्या. भागाबाईंनी त्या उलटसुलट पाहिल्या.

"लाल रंगाच्या करा," त्या म्हणाल्या. "द्येवाचं लेणं हाय."

दोन बाजारांच्या मुदतीत मी तीनदा वस्तीवर गेलो. पिसे उगवली नव्हती, हे आधी सांगतो. मोडलेले पीस खुंट पडून नवा हंगाम येईपर्यंत उगवत नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो उपाय फसला असे समजून सोडून देतो. पाहायची असते ती कातडी. झुलींखाली फोड बसले होते, लाली फिकट झाली होती, पापुद्रे निघून खाली मऊ कातडी आली होती. दर दोन दिवसांनी झूल काढून खाली उवा झाल्या नाहीत ना हे पाहायला मी सांगितले होते. कौशाबाई ते रोज पाहत. आसारामाच्या दोन कोंबड्यांच्या पाठी मात्र चांगल्याच भाजल्या होत्या. टोप्या कोंबड्याने पहिल्या दिवशी एकदा सोडवल्या. भागाबाईंनी स्वतः पुन्हा बांधल्या आणि पुढे त्याला त्यांची सवय झाली.

दुसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी मी गेलो, तेव्हा चितरी पिल्ले घेऊन मांडवाखाली राख उकरीत होती. आसाराम ओट्यावर बसला होता. त्याच्या मांडीवर एक कोंबडी, आणि तो तिच्या पाठीवर फुंकर मारीत होता.

"वैनी," त्याने आत हाक मारली, "ती जांभळी झूल मोकळी हाय का?"

"जांभळी नाय भेटायची. हिरवी घ्या."

"हिरवी तर हिरवी."

मृगाच्या तोंडावर मेंढरे आली, माणसेही सुखरूप आली, आणि कंदुरी झाली. मला बोलावणे होते. जेवण झाल्यावर भागाबाई पुढच्या वर्षीचा कोंबडा सोडण्याविषयी लेकाशी बोलत होत्या. कौशाबाई पाणी वाढत होत्या. तांब्या खाली ठेवून सर्वांसमोर त्या म्हणाल्या, "कोंबडा मी निवडणार. हलका बघून सोडायचा. अन् एक नाय, दोन घरांत दोन ठेवायचे." नवऱ्याने आईकडे पाहिले. भागाबाई म्हणाल्या, "तिच्या कोंबड्या हायत. तिला इचार."

त्यापूर्वी किती वस्त्यांवर उघड्या पाठीच्या कोंबड्या निष्कारण विकल्या गेल्या असतील, हा विचार मला अजून टोचतो. मीही कितीतरी वर्षे पंखात लस टोचून पुढे जात होतो; पाठीकडे पाहत नव्हतो.

सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: पिसांनी झाकलेली कातडी उन्हाने भाजत नाही, उघडी पडलेली भाजते, म्हणून उन्हाला दोष देण्याआधी ती उघडी कोणी पाडली ते शोधावे, आणि शोधेपर्यंत सावली द्यावी. हे उत्तर मी थोड्या वस्त्या आणि थोड्या कोंबड्या पाहून काढले आहे. तुमच्या परसात कोंबड्या असतील, तर माझ्या शब्दावर विसंबू नका. एक कोंबडी सावलीत काखेत घ्या, पाठीवर फुंकर मारा, आणि पिसाचा खुंट आहे की नाही ते स्वतः पाहा.